शेअर विकून झालेला नफा नक्की कुणाच्या खिशातून येतो?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

"शेअरचा पैसा म्हणजे कुणाच्या तरी बुडालेल्या पैशावर मारलेला डल्ला" हे घरोघरी ऐकू येतं. दुसरीकडे जाहिराती सांगतात, ही देशाच्या प्रगतीतली भागीदारी. मला दोन्ही पचत नाहीत. समजा ४०० ला घेतलेला शेअर ८०० ला विकला. वरचे ४०० कुणी दिले? कंपनीला तर त्यातला छदामही मिळाला नाही. आणि ज्याने माझ्याकडून घेतला त्याला उद्या ६०० ला विकावा लागला, तर त्याच्या २०० चं पाप माझ्या माथी येतं का? टिप्स नकोत, हिशेब हवा.

ताळेबंद

हिशेबच मांडू. कंपनी शेअरमागे वर्षाला २० रुपये कमावते आणि बाजार कमाईच्या वीस पट भाव देतो, म्हणून ४००. पुढच्या दहा वर्षांत तिने नफ्यातला बराचसा भाग यंत्रं, गोदामं, नवी शाखा यांत घातला आणि कमाई ४० वर गेली. वीस पटच धरा, भाव ८००. तुम्हाला ४०० ला विकणाऱ्याने कदाचित २५० ला घेतला असेल. या साखळीत बुडालं कोण? कुणीच नाही. वाढीव ४०० मागे कंपनीच्या गिऱ्हाइकांनी माल घेऊन मोजलेले पैसे आहेत. दहा वर्षं तुमची रक्कम अडकली होती आणि कंपनी बसली असती तर तुम्हीही बसला असतात, त्याचा तो मोबदला.

आता दुसरी शक्यता. कमाई २० लाच अडकली, पण लोक वीसऐवजी चाळीस पट भाव द्यायला लागले. भाव पुन्हा ८००! डीमॅटच्या पडद्यावर दोन्ही नफे हुबेहूब दिसतात. पण इथले ४०० निव्वळ पुढच्याच्या उत्साहातून आले. फसवणूक नसेल तर मी याला अनैतिक म्हणणार नाही, फक्त 'भागीदारीचं फळ' हे नाव त्याला शोभत नाही. आपला नफा कुठल्या जातीचा ते कळायला वार्षिक अहवालातली शेअरमागची कमाई आणि भाव, दोन्ही किती पट झाले ते शेजारी शेजारी लिहा.

तुमच्या २०० च्या पापाबद्दल: घेणाऱ्याला तेच आकडे, तोच अहवाल उपलब्ध होता ना? मग पाप नाही. तुम्हाला आतली बातमी होती, तर मात्र आहे. कंपनीचे तिमाही निकाल जाहीर होण्याआधी ते माहीत असलेल्यांनी सौदे करू नयेत म्हणून तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत त्यांची 'ट्रेडिंग विंडो' (सौदे करायची मुभा) बंद ठेवतात, ते काही उगाच नाही.

राहिला कंपनीला छदाम न मिळण्याचा मुद्दा. जुन्या फ्लॅटला गिऱ्हाईकच मिळणार नसेल, तर बिल्डरकडून नवा कोण घेईल? पुढे विकता येतो म्हणूनच पहिल्यांदा कुणीतरी पैसे घालतो.

एक्स्पायरी_गुरुवार

ताळेबंद यांचं सगळं डिलिव्हरीला (शेअर खरोखर आपल्या खात्यात घेण्याला) लागू. एफ अँड ओ (फ्यूचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या भावावरचे करार) मध्ये ना कमाई, ना लाभांश. ऑप्शन ठरल्या दिवशी संपतो, एकाला मिळाले तेवढेच दुसऱ्याचे गेले आणि दोघांनी वर खर्च भरला. तो खर्चही बघा. ७५ चा लॉट (एका सौद्यातली ठरलेली संख्या), प्रीमियम (ऑप्शनचा भाव) १००, म्हणजे ७,५०० रुपये. घेऊन त्याच भावाला विकलं: दलाली २० अधिक २०, विक्रीवर एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) ०.१ टक्के (ऑक्टोबर २०२४ चा दर) साडेसात, एक्स्चेंजचे सव्वापाच, जीएसटी आठ, मुद्रांक काही पैसे. एकूण ६१. भाव जागचा हलला नाही तरी ६१ गेले. दिवसात अशा दहा फेऱ्या मारल्या की ६१०, म्हणजे भांडवलाचे ८ टक्के एका दिवसात. दिशा बरोबर ओळखूनही लोक बुडतात ते इथे.

बाजारनियामक सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एफ अँड ओ बद्दल दिलेले आकडे: तीन आर्थिक वर्षांत (२०२१-२२ ते २०२३-२४) १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. फक्त २०२३-२४ मध्ये, खर्च धरण्याआधी, प्रोप्रायटरी ट्रेडर (स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या दलाली संस्था) सुमारे ३३,००० कोटी कमावून गेले, परदेशी गुंतवणूकदार सुमारे २८,००० कोटी आणि वैयक्तिक व इतर मंडळींचे ६१,००० कोटींहून जास्त गेले. ३३ आणि २८ ची बेरीज तुम्हीच करा. वरच्या दोघांचा जवळजवळ सगळा नफा अल्गोरिदमने कमावलेला.

तरी ऑप्शनचा व्यवहार सरसकट वाईट नाही. वीस लाखांचे शेअर सांभाळणारा पुट (ठरल्या भावाला विकायचा हक्क) घेतो तेव्हा तो विम्याचा हप्ता भरत असतो. हप्ता वाया गेला तर आनंदच. एक्स्पायरीच्या दुपारी दोन रुपयांचा कॉल (ठरल्या भावाला घ्यायचा हक्क) घेणारा कसलाच विमा उतरवत नसतो.

(गंमत म्हणजे मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या आयकर कायदा १९६१ चं कलम ४३(५) इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकलेल्या शेअर सौद्याला सट्टा म्हणायचं आणि मान्यताप्राप्त एक्स्चेंजवरच्या एफ अँड ओ ला म्हणत नसे.)

कोपऱ्यातली_खुर्ची

'मी शेअर बाजाराला शिवत नाही' म्हणणाऱ्यांसाठी: ऑगस्ट २०१५ पासून ईपीएफओ (आपला पीएफ सांभाळणारी सरकारी संस्था) नव्या जमेचा काही भाग निफ्टी-सेन्सेक्सच्या ईटीएफमध्ये (निर्देशांकातले सगळे शेअर घेणाऱ्या फंडात) घालतं. सुरुवात ५ टक्क्यांनी, पुढे १५. निफ्टीत आयटीसी आहे, म्हणजे सिगारेटही आली. सोवळं पाळायचं तर आधी स्वतःच्या पीएफचं काय करायचं ते ठरवा.

तळटीप

ऑपरेटरच्या, म्हणजे भाव खोटाच चढवणाऱ्याच्या शेअरबद्दल कुणीच बोललं नाही. पद्धत ठरलेली असते. आधी छोटी कंपनी निवडून माल गोळा करायचा. मग आपल्याच चार-सहा खात्यांत इकडून तिकडे सौदे फिरवून उलाढाल दाखवायची आणि थोड्याशा शेअरवर रोज वरचं सर्किट (दिवसाची कमाल भावमर्यादा) लावायचं. टेलिग्रामवर 'मल्टीबॅगर' (अनेक पट होणारा शेअर) फिरलं आणि गर्दी आली की तिच्या गळ्यात सगळा माल मारायचा. त्यानंतर रोज खालचं सर्किट, विकायला हजारोंची रांग, घ्यायला कुणी नाही. ऑपरेटर गुन्हेगार आहेच. पण 'चालवलेला आहे हे माहीत आहे, वेळेत निघून जाऊ' म्हणणारा? माझ्या मते तोही धुतल्या तांदळाचा नाही. त्याला नफा द्यायला शेवटच्या रांगेतला कुणीतरी अडकावाच लागतो आणि हे त्याला घेतानाच ठाऊक असतं.

बोरूबहाद्दर

पटलं. म्हणजे निदान आयपीओला (कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीला) लावलेला पैसा तरी सरळ कंपनीच्या धंद्यात जातो, असं धरू?

ताळेबंद

धरू नका. फ्रेश इश्यूचा (नव्या शेअरचा) पैसा कंपनीला, ऑफर फॉर सेलचा (जुन्या शेअरच्या विक्रीचा) विकणाऱ्या भागधारकाला. २०२२ चा एलआयसीचा आयपीओ पूर्ण ऑफर फॉर सेल होता, पैसे केंद्र सरकारला गेले. २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचे २७,८७० कोटी कोरियातल्या मूळ कंपनीला. यात गैर काही नाही, पण 'कारखान्याला हातभार' म्हणायची सोय राहत नाही. प्रॉस्पेक्टसच्या (आयपीओच्या माहितीपत्रकाच्या) मुखपृष्ठावर दोन्ही भाग वेगळे दिलेले असतात. त्यानंतर 'ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर' उघडा: जुनं कर्ज फेडायला किती, यंत्रांना किती. 'जनरल कॉर्पोरेट पर्पजेस' म्हणजे किरकोळीचा डबा, त्यात उभारलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंतच टाकता येतं. तो काठोकाठ भरलेला दिसला तर बाकीची पानं जरा सावकाश वाचा.