मदत हवी आहे: घसरणाऱ्या कोटिंगच्या लेन्ससाठी ब्लॉकिंग पॅड कोणते?

नमस्कार मंडळी. एजिंग करताना, म्हणजे चष्म्याची लेन्स फ्रेमच्या आकारात कापताना, ती ब्लॉकिंग पॅडवर (मशीनमध्ये लेन्स धरणाऱ्या ब्लॉकला ती चिकटवणारा दुहेरी चिकट पॅड) फिरते आणि ॲक्सिस (सिलिंडर नंबरची दिशा) हलतो, हे दुखणं गेले काही आठवडे मागे लागलंय. साध्या हार्ड कोटच्या लेन्सना काहीच होत नाही. पाणी-तेल न चिकटणारं अँटीरिफ्लेक्शन कोटिंग असलं की गडबड. काल १.६७ इंडेक्सची, सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर) -२.५० असलेली लेन्स ९० अंशांवर ब्लॉक केली, कापून लेन्सोमीटरवर (लेन्सचा नंबर मोजणारं यंत्र) ठेवली तर ९६! एवढ्या सिलिंडरला सहा अंश म्हणजे लेन्स फुकट.

आतापर्यंत केलेले उपाय: लेन्स अल्कोहोलने पुसून कोरडी करतो, पॅड दरवेळी नवा, क्लॅम्पचा दाब कमी केलाय, मशीन सॉफ्ट मोडवर. लेन्सवर आधी घसरणरोधक फिल्म लावली की फरक पडतो, पण प्रत्येक लेन्सला हा एक जास्तीचा उद्योग. (आणि घाईत फिल्मखाली हवेचा बुडबुडा राहिला की कपाळमोक्ष.)

जास्त चिकट निळा पॅडही वापरून पाहिला. धरतो छान, सोडत मात्र नाही. पक्कडीने पिळून काढताना एका लेन्सच्या कोटिंगला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडल्या.

फिल्मशिवाय भागेल असा पॅड कोणी रोज वापरतं का? जाडी किती? जाड फोमचा पॅड वक्रतेवर बसतो चांगला, पण पिळवटतोही तोच, असा माझा संशय आहे. आणि अरुंद फ्रेमसाठी छोटा ब्लॉक घेतल्यावर पकड कशी टिकवता?