तळमजल्यावरच्या आजोबांचा डबा आणि माझी चिडचिड

ऐरोलीकर_ताई:
आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक आजोबा एकटेच राहतात. अर्धांगवायूनंतर उजवा हात चालत नाही, मुलगा परदेशात. ठाण्याहून ऑफिस करून आले की त्यांना पोळी-भाजी नेऊन देते, पोळीचे तुकडे करून ठेवते. ते डबा उघडून आधी वास घेतात आणि म्हणतात, "आज पण दुधीच?" दोन कानाखाली वाजवाव्यात इतका राग येतो. वर सोसायटीत कुजबुज, की हिचा डोळा फ्लॅटवर आहे. बायबलमध्ये करिंथकरांस पहिल्या पत्रात, १३व्या अध्यायात लिहिलंय, प्रीती "स्वार्थ पाहत नाही, चिडत नाही". मी तर रोज चिडते. मग हे प्रेम म्हणायचं की नुसती ड्युटी? मनापासून विचारतेय.

वसईची_लेक (आता कळव्यात):
ताई, राग आला तरी डबा जातोय ना? आतून गोड वाटेल तेव्हाच करीन म्हटलं तर आजोबा उपाशी राहतील. लूकच्या शुभवर्तमानात, १४व्या अध्यायात प्रभू येशू म्हणतो, जेवण घालायचं तर परतफेड करू न शकणाऱ्यांना घाल. आजोबा तुम्हाला "छान झालं" एवढंही परत देत नाहीत. म्हणजे तुम्ही अगदी त्याच पंगतीत वाढताय.

पण एक सांगते. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट पुन्हा वाचा, लूक १०. लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या अनोळखी माणसाच्या जखमांवर त्याने तेल-द्राक्षारस ओतला, स्वतःच्या जनावरावर बसवलं, रात्रभर सांभाळलं. दुसऱ्या दिवशी मात्र उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, म्हणजे तेव्हाची दोन दिवसांची मजुरी, "याची काळजी घे" म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला. परत येताना उरलेला खर्च देईन, असंही सांगून गेला. एकट्याने सगळं ओढलं नाही म्हणून त्याचं प्रेम कमी ठरलं का? तुम्हीही कुणाला तरी सोबत घ्या.

जांभळीनाका_ठाणे:
तुमच्या चर्चच्या पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी, म्हणजे गरजूंना मदत करणारी संघटना, आहे का बघा. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबतच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली. घरभेटीला दोघांनी मिळून जायची त्यांची रीत आहे. एकाचा धीर सुटला तर दुसरा असतो.

कुजबुजीचं म्हणाल तर करिंथकरांस दुसरं पत्र, ८वा अध्याय बघा. गरिबांसाठीची वर्गणी नेताना ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल एकटा गेला नाही, कुणी बोट दाखवू नये म्हणून माणसं बरोबर घेतली. आजोबांच्या मुलाला फोन करून सगळं सांगून ठेवा. त्यांचं एटीएम कार्ड, चेकबुक हातात घेऊ नका. औषधं आणलीत तर बिलाचा फोटो त्याच दिवशी मुलाला पाठवा.

ऐरोलीकर_ताई:
शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून गेला, हे लहानपणापासून ऐकत आले तरी कधी लक्षातच आलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मागे एकदा विचारलं होतं, "मी काही करू का?" आणि मीच नको म्हटलं होतं. मंगळवार-शुक्रवारचे डबे आता वहिनींकडे सोपवते. रविवारी मिस्सानंतर फादरांशीही बोलते. आजोबांना दुधी नको तर काय आवडतं, हेही विचारायला हवं. शुगर आहे त्यांना, चालतील अशा भाज्या कुणाला माहीत असतील तर सांगा.