दोन कारखान्यांमधली २५ किलोमीटरची अट काढा

शिरोळचा ऊसकरी:
दोन साखर कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर हवाई अंतर हवं, असं केंद्राचा ऊस नियंत्रण आदेश २००६ पासून सांगतो. महाराष्ट्रानं केंद्राची मान्यता घेऊन ते २५ वर नेलं. साखर उद्योगावरची बंधनं तपासणाऱ्या केंद्राच्या रंगराजन समितीनं २०१२ लाच अशी अट नको म्हणून लिहून दिलं होतं. त्याच अहवालात बंद करायला सांगितलेली लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यानं सरकारला स्वस्तात द्यायची साखर, पुढच्या वर्षी बंद झाली. अंतराची अट तेवढी राहिली, कारण तिचा भार कारखानदारावर नाही, आपल्यावर आहे.

एफआरपी म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर. २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) टनाला ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. त्याच्या वर दर जातो तो आंदोलनानं, नाहीतर शेजारचा कारखाना ऊस पळवेल या भीतीनं. २०२३ च्या सप्टेंबरात राज्य सरकारनं परराज्यात ऊस न्यायला बंदी घातली आणि शेतकरी उठल्यावर मागं घेतली. सीमेपलीकडचं गिऱ्हाईक तोडून कुणाची सोय होणार होती?

करवीरचा सभासद:
दादा, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कारखाने कमी नाहीत, ऊस कमी पडतोय. आहे त्या कारखान्यांनी गाळप क्षमता वाढवत नेली आणि हंगाम आखडत गेला. धुराडं लवकर थंड झालं तरी पगार आणि कर्जाचे हप्ते बारा महिने असतात. आणखी दोन कारखाने आले की तो खर्च कमी टनांवर बसणार, म्हणजे आपल्याच बिलातून जाणार.

शिवाय दर कशावर ठरतो? २०१८-१९ ला एफआरपी २,७५० होती. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये केला, तो २०२५ चा हंगाम लागला तरी तिथंच. निर्यात किती, महिन्याला साखर किती विकायची, सगळं दिल्ली ठरवते. डिसेंबर २०२३ मध्ये तर हंगाम चालू असताना उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले. डिस्टिलरीसाठी काढलेलं कर्ज तसंच राहिलं. भांडायचं तर तिथं भांडा.

कागलची शेतकरी:
तुम्ही दोघंही मोठ्या रानाचं बोलताय. माझा एक एकर ऊस, तोही आतल्या बाजूला. ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची झोनबंदी केव्हाच उठली, ऊस कुणालाही घालायची मुभा आहे. पण तोडणीची टोळी कारखान्याची, वाहन कारखान्याचं. तुरा आला, वजन घटायला लागलं तरी तोड मिळत नाही. मिळाली की तोडणाऱ्यांना खुशाली, म्हणजे वरचे पैसे, द्यावी लागते. नवा कारखाना आला तरी तो आधी रस्त्याकडेचा मोठा फड उचलणार. माझा नंबर तोच.

गडहिंग्लजकर:
ताईंचं दुखणं खरं आहे, पण अट ठेवून ते बरं होत नाही. अंतराच्या अटीमुळं परवान्यालाच किंमत येते. बंद पडलेला कारखाना घेणारा यंत्रं बघत नाही, भोवतालचं मोकळं क्षेत्र बघतो. तिथं दुसरा येणार नाही हे त्याला माहीत असतं.

शिरोळचा ऊसकरी:
ताई, तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेनुसार गावात जाहीर व्हायला हवा आणि तो मोडला तर कारखान्याला दंड हवा. सगळेच नियम उठवा असं मी म्हणत नाही. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हा नियम १९६६ च्या आदेशातला आहे, आणि तो सोडायचा नाही. २०२२ ला राज्यानं तोच मोडून एफआरपीचे हप्ते पाडले. शेतकरी नेते राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. शेतकऱ्याला वाचवणारा नियम सरकार सैल करतं आणि कारखान्याला वाचवणारा घट्ट धरतं, माझा राग यावर आहे.

करवीरचा सभासद:
१४ दिवसांच्या बाबतीत मी तुमच्याबरोबर. पण सहकारी कारखाना बुडाला तर आमचे शेअर्स जातात आणि जिल्हा बँकेचं कर्ज अडकतं. त्या बँकेत ठेवी कुणाच्या? आपल्याच. अट काढायची असेल तर नव्या कारखान्यानं आधी नवीन ऊस क्षेत्र उभं करून दाखवावं, पाण्याची सोय करावी, मग परवाना मागावा. आमचाच ऊस वाटून घ्यायला येणाऱ्याला माझा विरोध राहील.

कागलची शेतकरी:
आणि त्या परवान्यात एक एकरवाल्याची तोड कधी, हेही लिहून घ्या.