मदत हवी आहे: चित्रपटाला 'यूए १३+' का मिळाले, हे पालकांनी तिकीट काढण्यापूर्वी कसे शोधावे?

नमस्कार. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे आणि मुलगी तेरा वर्षांची. दोघांना चित्रपटगृहात नेण्यापूर्वी सेन्सॉर बोर्डाचे प्रमाणपत्र पाहायचे, असा आमच्या घरचा नियम आहे. परंतु प्रमाणपत्र पाहूनही निर्णय घेता येत नाही, असे वारंवार होऊ लागल्यामुळे इथे विचारत आहे.

मला जे समजले आहे ते आधी मांडते. त्यात काही चुकत असेल तर कृपया दुरुस्त करावे. १९८३ पासून आपल्याकडे यू (सर्वांसाठी), यूए, ए (फक्त प्रौढांसाठी) आणि एस (डॉक्टरांसारख्या ठराविक प्रेक्षकांसाठी) असे चार वर्ग होते, आणि यूए म्हणजे बारा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांनी विचार करून ठरवावे, एवढाच त्याचा अर्थ होता. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले. हा बदल मला मनापासून पटतो, कारण पहिलीतले मूल आणि सातवीतले मूल यांना एकाच वर्गात बसवणे मुळातच योग्य नव्हते.

मात्र हा आकडा म्हणजे पालकांना दिलेला सल्ला आहे. त्याची अंमलबजावणी पालकांव्यतिरिक्त इतर कोणी करायची नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. अठरा वर्षांखालील मुलाला 'ए' चित्रपटाला प्रवेश देता येत नाही, पण 'यूए १६+' असलेल्या चित्रपटाला आठ वर्षांच्या मुलाला कोणी अडवणार नाही. दारावर अडवले नाही म्हणजे चित्रपट मुलांना चालण्यासारखा असेल, असे समजणारे अनेक पालक मला भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले. ब्रिटनमध्ये '१२ए' चित्रपटाला बारा वर्षांखालील मूल मोठ्या माणसाशिवाय आत जाऊ शकत नाही. आपल्याकडे यूएच्या बाबतीत सगळी जबाबदारी आईवडिलांवरच आहे.

जबाबदारी आमची असेल, तर कारणही आम्हाला कळायला हवे. '१३+' हा आकडा हाणामारीमुळे आला, शिवीगाळीमुळे, व्यसनाच्या दृश्यांमुळे की भीतीमुळे, हे तिकीट काढण्याच्या पानावर मला आढळत नाही. माझा मुलगा काल्पनिक लढाया आनंदाने पाहतो, पण अंधारात अचानक समोर येणारा चेहरा पाहिला की पुढे कित्येक रात्री तो एकटा झोपत नाही. मुलीच्या बाबतीत काळजी वेगळीच आहे: आत्महत्या किंवा घरातली मारहाण दाखवणारा प्रसंग असेल, तर त्याविषयी तिच्याशी आधी बोलून घ्यावे असे मला वाटते. आकडा एकच असला तरी या दोन गोष्टी एक नाहीत.

ओटीटीवर परिस्थिती थोडी बरी आहे. २०२१ च्या नियमांनुसार तिथे वयोगटाबरोबर आशयाचे थोडक्यात वर्णन द्यावे लागते, आणि १३+ व त्यावरील वर्गांसाठी पालकांना तो आशय कुलूपबंद करण्याची सोयही द्यावी लागते. पण तो वर्ग सेन्सॉर बोर्डाने नव्हे, तर त्या मंचाने स्वतः ठरवलेला असतो, त्यामुळे चित्रपटगृहासाठी त्यावर कितपत विसंबावे हे कळत नाही. शिवाय जुन्या चित्रपटांवर अजून नुसते 'यूए' असते.

ब्रिटनचे चित्रपट वर्गीकरण मंडळ आपल्या संकेतस्थळावर प्रत्येक वर्गीकरणाची कारणे देते, ती मी वाचून पाहिली. मात्र आपल्याकडच्या प्रतीत काटछाट झालेली असू शकते, आणि जे मराठी चित्रपट तिकडे प्रदर्शितच होत नाहीत त्यांच्यासाठी हा मार्ग बंदच आहे.

चित्रपट प्रदर्शित झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत, विशेषतः मराठी चित्रपटांबाबत, आशयाची विश्वासार्ह माहिती आपण कुठून मिळवता? आणि ज्यांच्या घरी वयात एवढे अंतर असलेली भावंडे आहेत, ते '१३+' चित्रपटाला धाकट्याला नेतात, की दोघांना वेगवेगळे नेतात? भीतिदायक दृश्यांबाबतचा आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.