अनुभव धागा: फॉर्मवरचा तो रकाना

गिरणगावची
काल भाचीची इंजिनीअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाची (कॅप राउंडची) यादी लागली. नाव, पर्सेंटाइल, पुढच्या रकान्यात एससी. पोरीने स्क्रीनशॉट काढला, नेमका तो रकाना कापला आणि मग मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. मी काही बोलले नाही.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात शिपाई वही घेऊन भर वर्गात यायचा. "बीसी स्टुडंट्स, स्कॉलरशिपचे फॉर्म घ्यायला खाली या." अकरावीत मी उठलेच नाही. दुपारी एकटी खाली गेले तर क्लार्क म्हणाला, सकाळी झोपा काढत होतीस का? बारावीत उठले. रोज माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी खाणारी मैत्रीण म्हणाली, "अय्या, तू? वाटत नाहीस गं!" कौतुकानेच म्हणाली बिचारी.

आरक्षण हवं की नको यावर चॅनलवाले रोज भांडतातच, ते इथे नको. तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा, कुठल्याही बाजूने.

सातवा_मजला
'वाटत नाहीस' ला +१. मला ऑफिसात इतक्यांदा ऐकवलंय की आता विचारते, कशी वाटायला हवी होते?

एमआर_दादा
मी दुसऱ्या बाजूचा. १९९१ ला मेडिकल थोडक्यात हुकलं. बाकावरच्या मित्राला माझ्याहून कमी मार्कांवर सरकारी कॉलेज मिळालं. राग आला होता, खोटं कशाला बोलू, थोडा अजून आहे. बीएस्सी केलं, एमआर म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी झालो, जन्म डॉक्टरांच्या केबिनबाहेर बॅग मांडीवर घेऊन गेला. तो मित्र तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आहे. त्याच्या केबिनबाहेरही बसलोय. चहा पाजतो, सॅम्पल घेत नाही.

गिरणगावची
दादा, मनापासून लिहिलंत. राग कळतो. पण त्याच सुमारास आमच्या ओळखीतला एक जण तुमच्याहूनही कमी मार्कांवर पैसे मोजून मेडिकलला गेला. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित कॉलेजं निघाली, ८७ ला कॅपिटेशन फीवर बंदीचा कायदाही आला, तरी पाकीट पोचायचंच. त्याला कोणी कोट्यातला डॉक्टर म्हणत नाही.

एमआर_दादा
तशांकडेही बसलोय ताई. ते सॅम्पल घेतात.

सातवा_मजला
=)) =))

पालावरची_पोर
कुकर लावलाय, पटकन लिहिते. आम्ही भटके. जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो (एससींना १० ऑगस्ट १९५०, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७). आता सांगा, ज्यांचं पाल आज या गावाबाहेर तर उद्या त्या, त्यांची ६१ सालची नोंद कुठे असणार? आजा शाळेत गेलाच नाही, मग शाळा सोडल्याचा दाखला कसला? वडील मानखुर्दला राहायला आले तरी कागद मूळ जिल्ह्याचाच हवा. आज्याच्या एका बहिणीच्या जन्माची नोंद एका गावच्या कोतवाल बुकात सापडली, मोडीत. मोडी वाचणारा शोधा, मग लिप्यंतर करून आणा. शिवाय नुसता दाखला चालत नाही, वर पडताळणी समितीची व्हॅलिडिटी, म्हणजे दाखला खरा असल्याचं प्रमाणपत्र. ती येईपर्यंत अॅडमिशन प्रोव्हिजनल. वर्गातली मुलं म्हणायची, तुमचं बरंय, आयतं मिळतं.

शिट्टी झाली, येते.

चाळ_नंबर_विसरलो
आमचे वडील दिवसपाळीला पोस्टात आणि सकाळी सातला सिद्धार्थ कॉलेजात, फोर्टला. बाबासाहेबांनी १९४६ ला कॉलेज काढलं तेच नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. बीडीडी चाळीत एका खोलीत आम्ही नऊ जण, ते जिन्यातल्या दिव्याखाली वाचायचे. जिना म्हटला की आठवतं, आमच्याकडे गणपतीत पत्त्यांचा डाव पण जिन्यातच. असो, अवांतर झालं.

साताराकर_घणसोली
मराठा आहे. वडील माथाडी, वाशी मार्केट. माझी जात जन्मापासून एकच, फॉर्मवरचा रकाना मात्र बदलत गेला. आधी ओपन. २०१८ ला एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), १६ टक्के आरक्षण. हायकोर्टाने शिक्षणात १२, नोकरीत १३ केलं. ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सगळंच उडवलं, मग ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल). २०२४ ला परत एसईबीसी, १० टक्के. सरकारी भरतीत निवड झालेली आमच्या बॅचची पोरं नियुक्तीसाठी आझाद मैदानात बसली होती. माझा मावसभाऊ त्यात. लग्नाच्या बायोडेटात 'शासकीय सेवेत (नियुक्ती प्रलंबित)' लिहिलं होतं.

मंत्रालय_पास
साताराकर, तो बायोडेटा चालला का?

साताराकर_घणसोली
नाही. आता रिक्षा चालते. स्वतःची आहे.

मंत्रालय_पास
सरकारी नोकरीत पंचवीसेक वर्षं. बाहेरच्यांना वाटतं आत आलं की झालं. आत बिंदुनामावली नावाचा प्रकार असतो, कुठली जागा कोणाची ते त्यात ठरतं. पदोन्नतीतल्या आरक्षणाचा २००४ चा जीआर हायकोर्टाने ऑगस्ट २०१७ ला रद्द केला आणि आमची फाइल टेबलावर झोपली. ती झोपलेलीच, मी रिटायर होईन. दरम्यान एक साहेब, मागासवर्गीयांचा अनुशेष का भरत नाही विचारलं की म्हणायचे, 'लायक उमेदवार मिळत नाहीत'. त्यांचा पुतण्या कंत्राटावर लागला, त्याची लायकी कोणी तपासली नाही. कंत्राटाला बिंदू नसतो.

सुरमई_लव्हर
प्रायव्हेटमध्ये तर आरक्षणच नाही. तरी इंटरव्ह्यूत "आडनावावरून कळलं नाही, गाव कुठलं?" हे येतंच. घर भाड्याने घेताना पण तेच. ब्रोकर म्हणाला, सोसायटी फॅमिलीवाली आहे. म्हटलं, मी पण फॅमिलीच आहे. मग हळूच, "नॉनव्हेज?"

सातवा_मजला
आयडीवरूनच कळलं असेल त्याला :ड

सुरमई_लव्हर
हाहाहा. शेवटी विक्रोळीला मिळालं, खाली मासळीवाली बसते. पापलेटचे भाव ऐकून शाकाहारी होईन असं वाटतंय.

पालावरची_पोर
परत आले. एक राहिलं. मला अॅडमिशन ओपनच्या मेरिटमधून मिळाली होती. आमच्यातल्या कोणाचे मार्क ओपनच्या कट-ऑफला लागले की ती सीट ओपनमध्येच धरतात, कॅटेगरीची तशीच राहते. हे वर्गात सांगून सांगून थकले. कोणी ऐकूनच घेईना, मग सोडून दिलं.

चाळ_नंबर_विसरलो
बाळा, तुझं शिक्षण कशातलं झालं?

पालावरची_पोर
बीई सिव्हिल, काका. आता मेट्रोच्या साइटवर. बूट मात्र पुरुषांच्याच मापाचे येतात.

नवीन_आयडी_आहे
मध्येच विचारते, माफ करा. मुलीचं नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे उन्नत गटात नसल्याचं सर्टिफिकेट काढायचंय. नवऱ्याचा पगार आणि गावची शेती मिळून आठ लाखांच्या वर जातं. मिळणारच नाही का?

मंत्रालय_पास
ताई, आठ लाखांच्या मर्यादेत पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, बाकीचं धरतात. पण नवरा सरकारी अधिकारी असेल तर पदाचा वेगळा निकष आहे, तो आधी बघा. शहरात राहत असाल तर फोर्टला ओल्ड कस्टम हाउस, उपनगरात असाल तर वांद्रे. जुने कागद लॅमिनेट करू नका.

नवीन_आयडी_आहे
खूप आभार! परळला राहतो, म्हणजे फोर्ट. सोमवारी जाते.

सुरमई_लव्हर
फोर्टला जाताय तर जेवून या. तिकडे गोमंतकीय खाणावळी आहेत, बांगडा झकास मिळतो.

नवीन_आयडी_आहे
सोमवारी आमच्याकडे मासे नसतात हो. मंगळवारी जाते.