चौथीच्या मुलांना विद्युत परिपथ कसा शिकवावा?

शिक्षिका, नागपूर: बल्बला सेलपासून एकच तार जोडली की तो लागेल, असे माझ्या वर्गातील बहुतेक मुलांना वाटते. परिपथ पूर्ण असावा लागतो, हे त्यांना कसे पटवावे?

उत्तर १: ताई, आधी सांगू नका, करू द्या. १.५ व्होल्टचा सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि टोके सोललेली एक तार द्यावी. बल्बचे बूड सेलच्या टोपीवर टेकवून, त्याच्या धातूच्या कडेपासून सेलच्या तळापर्यंत तार नेली की तो लागतो, आणि बल्बला दोन जागी जोडणी हवी हे मुलांच्या आपोआप लक्षात येते.

उत्तर २: सहमत. मात्र तार सेलच्या दोन्ही टोकांना थेट जोडू देऊ नये, ती तापते. घरातील प्लगमध्ये २३० व्होल्ट असतात, त्यामुळे हा प्रयोग तेथे कदापि नको, हे आधीच बजावावे.

शिक्षिका: आभार. सोमवारीच करून घेते.