प्रतिसाद: पक्ष नाही, माणूस?

'कोकणात पक्षाला किंमत नाही, माणूस निवडून येतो, भास्कर जाधव बघा' हे वर कुणीतरी गुहागरच्या आमदारांबद्दल लिहिलंय. अर्धंच खरं. 1995 आणि 1999 ला चिपळुणातून शिवसेनेचे आमदार झालेले जाधव 2004 ला तिकीट कापल्यावर अपक्ष उभे राहिले नि पडले. माणूस तोच होता ना?

खरी मजा 2009 ची. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत खेड मतदारसंघ गेला, म्हणून तिथले सेनेचे रामदास कदम गुहागरात आले. जागा मुळात सेना-भाजप युतीत भाजपची, भाजपच्या नातूंचं घराणं तिथलं जुनं. विनय नातूंनी बंड केलं, युतीची मतं फुटली आणि तोवर राष्ट्रवादीत गेलेले जाधव निवडून आले. हे गणित कुणी बोलतच नाही!

जाधव 2019 ला परत सेनेत, सेनेच्या फुटीनंतर ठाकऱ्यांकडे. 2024 ला जिंकले खरे, पण थोडक्या मतांनी. शिमग्यात आपल्या गावी, तुरंबवला, पालखी खांद्याडोक्यावर घेऊन नाचणारा आमदार लोकांना आपला वाटतो, हे मान्य. चाकरमानी ते व्हिडिओ मुंबईत बसून बघतात. पण नुसत्या पालखीवर मतं पडत असती, तर 2004 ला पडली नसती का?